पराटीचा कोळसा रानात टाकला तर जिवाणू खरंच वाढतात का?

कोरडवाहू_घनसावंगी:

राम राम मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आमच्या गावात मागं एक मीटिंग झाली, बाहेरून एक माणूस आलता बायोचार विकायला. म्हणे पराटीचा (कापसाची वाळेल झाडं) नाहीतर तुराट्याचा (तुरीच्या वाळक्या काड्या) कोळसा करून जमिनीत टाका, एका ग्रॅम कोळशात आतल्या आत तीनशे चौरस मीटर जागा असती, त्यात अब्जावधी जिवाणू ऱ्हातात, युरिया निम्मा करा अन् शेणखत तर विसरूनच जा. गोणीचा भाव ऐकून अर्धे लोकं उठून गेले ते सोडा, पण माझ्या डोक्यात ते जागेचं गणित बसलं. म्हणलं विकत कशाला घ्यायचं, पराटी तर आपल्याच बांधाला पडेल आहे.

माझं रान असं की चार एकर कापूस, त्यातली दोन एकर काळी भारी अन् वरची दोन मुरमाड बरड, नांगराला चुनखडीचे खडे लागतात. त्या बरडात येत्या जूनला मोसंबी लावायचा इरादा आहे. फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावर तोच कापूस ठेवून घ्यायचं जास्तीचं पीक, घेत नाही (बोंडअळीनं ते वेड काढून टाकलं), त्याच्यामुळं जानेवारीत रान मोकळं होतं अन् पराटी खडखडीत वाळेल असती. थोडी सरपणाला जाते, बाकी ढीग लावून पेटवतो. मृदा पत्रिकेत पीएच ८.२ अन् सेंद्रिय कर्ब ०.३८ आलेला आहे.

तर विचारायचं असं की हे जिवाणूचं खरं किती, अन् घरी करायचं म्हणलं तर राख टाकल्यासारखं होऊन पीएच अजून चढणार नाही ना? कोणी स्वतः केलं असेल तर सांगा, यूट्यूबच्या लिंका नका टाकू, त्या लई बघून झाल्या.

मातीवाला_परभणी:

दादा, मी परभणीला मृदाशास्त्र शिकलो, आता घरचीच शेती बघतो, तर तेवढ्या अधिकारानं बोलतो.

तीनशे चौरस मीटर हा आकडा खोटा नाही, चांगल्या भाजलेल्या कोळशाचा निघतो तेवढा. मेख अशी आहे की ती जागा लॅबमध्ये मोजतात नायट्रोजन वायू चिकटवून, अन् त्यातली बहुतेक जागा दोन नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांतली असते. जिवाणू असतो साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, अन् हे छिद्र त्या जिवाणूच्याही पाचशेव्या भागाएवढं. तिथं जिवाणू सोडा, त्याचं एन्झाइमसुद्धा शिरत नाही. त्या बारीक छिद्रांत वायू, पाणी, अमोनिया, विरघळलेलं सेंद्रिय असलं काहीबाही अडकून बसतं, त्याचा उपयोग आहेच, पण राहायची जागा म्हणून ती धरायची नाही. विकणारा माणूस हे सांगणार नाही, कदाचित त्यालाच माहिती नसेल.

मग जिवाणू बसतात कुठं, तर झाडाच्या ज्या नळ्यांतून पाणी वर चढायचं त्या नळ्यांत. खोडाचा कोळसा झाला तरी त्या नळ्या राहतात, नुसत्या जरा आकसतात. तुम्ही एक काम करा, पराटीच्या कोळशाचा बोटाएवढा तुकडा घ्या, कट्‌दिशी आडवा मोडा (चाकूनं कापू नका, भुगा होऊन तोंडं बुजतात) अन् ते मोडलेलं तोंड उन्हात दहापट भिंगाखाली धरा, किडी बघायला असतं ना ते. टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसतील अन् मधल्या भेंडापासून बाहेरपर्यंत बारीक रेषा गेलेल्या दिसतील. ती भोकं वीस-तीस-पन्नास मायक्रॉनची असतात. जिवाणूला ऐसपैस जागा. मायकोरायझा बुरशीचे धागे २ ते १० मायक्रॉन जाडीचे असतात, तेही आत घुसतात, मुळांची केसं पण घुसतात. त्याच्याहून बारीक, चार-पाच मायक्रॉनच्या फटीत जिवाणू मावतो पण त्याला खाणारे प्रोटोझोआ बहुतेक त्याच्यापेक्षा मोठे, ते बाहेरच राहतात. अन् मे महिन्यात आपली जमीन भेगाळून कोरडीठाक होते तेव्हा असल्या बारीक फटीत पाण्याचा पापुद्रा जास्त दिवस टिकतो. निवारा म्हणतात तो असा.

पण नुसतं घर बांधून दिलं अन् किराणा भरला नाही तर कोण राहणार? कोळशातला बहुतेक कर्ब जिवाणूला खाताच येत नाही, म्हणून तर तो जमिनीत शेकडो वर्षं टिकतो. खायला शेणखत, कंपोस्ट, मुळातून पाझरणारी साखर हेच लागतं. वेल्समध्ये तीन वर्षं शेतात पुरलेला बायोचार काढून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितला होता, २०१३ ला ते छापून आलं, तर आतल्या छिद्रांत जिवाणू तुरळकच दिसले. म्हणजे अब्जावधीची वस्ती आपोआप होते हे त्यांना काही सापडलं नाही. शेणखत विसरा हे वाक्य तर उलटंच आहे, कोळसा टाकायचा असेल तर शेणखत आधी लागतं.

आता पीएच. लाकडाचा कोळसा साधारण ८ ते १० पीएचचा, भट्टी जास्त तापली की अजून वर. जगात जिथं बायोचारनं उत्पादन ठळक वाढलं त्या बहुतेक आम्लधर्मी, धुपून गेलेल्या उष्ण प्रदेशातल्या जमिनी होत्या, तिथं त्यानं चुन्याचं काम केलं. ॲमेझॉनमधली जी काळी माती दाखवतात ना प्रत्येक व्हिडिओत, तिथली मूळ जमीन आंबट, अन् त्या मातीत नुसता कोळसा नाही, हाडं, माशाचे काटे, फुटकी मडकी, शेकडो वर्षांचा उकिरडा आहे. आपल्याकडं चुना आधीच फुकट पडलाय. चुनखडीच्या जमिनीचा पीएच ८.२ च्या आसपास धरून ठेवलेला असतो, तो थोड्या कोळशानं हलणार नाही, त्यामुळं घाबरू नका, पण चुन्याचा जो फायदा बाहेर दिसला तो इथं मिळणार नाही हेही धरून चाला. राख मात्र वेगळी गोष्ट आहे. जाळून पांढरी राख केली तर क्षार वाढतील अन् घर-बिर काही उरणार नाही. चोपण, म्हणजे सोडियमचे क्षार वाढून बिघडलेलं, रान असेल तर या भानगडीत पडूच नका.

हळदवाला_वसमत:

वरच्या सरांनी शास्त्र सांगितलं, मी हाताचं सांगतो. आम्ही तुराट्या अन् पराटी दोन्हीचा करायलो, भट्टी-बिट्टी काही नाही, रानातच कढईच्या आकाराचा खड्डा घ्यायचा, वर दीड मीटर रुंद अन् मधी पाऊण मीटर खोल, बाजू उतरत्या. तळाला वाळलेलं बारीक सरपण पेटवायचं अन् ते धगधगलं की पराटीचा एक थर. जाळ वरून चालू पायजे, म्हणजे खालून निघणारा धूर जाळातच जळून जातो अन् खाली हवा पोचत नाही. थरावर पांढरी राख धरायला लागली की लगेच दुसरा थर. हे सगळं त्याच्यावर आहे, राख दिसायच्या आधी टाकलं तर धूर होतो, उशीर केला तर कोळशाची राख होते, त्याच्यामुळं मोबाईल घरी ठेवून बसायचं. शेवटचा थर झाला की भरपूर पाणी मारून विझवायचं. वाटलं विझलं म्हणून सोडून जायचं नाही, रात्रीतून आतून परत पेटतंय अन् सकाळी राख.

पराटी ओली नको. कडकन मोडली पायजे. शेंड्याची बारीक काडी लवकर जळती, बुडखा उशिरा, म्हणून मिसळून टाकायचं नाही, आधी बुडखे मग काड्या.

आता जिवाणूचं. मी कोळसा तसाच कधी रानात नेत नाही. बडवून हरभऱ्याएवढा करायचा अन् शेणखताच्या ढिगात मिसळायचा, चार घमेली शेणखत तर एक घमेलं कोळसा असं ढोबळ. गोठ्यातलं मूत त्याच्यावर जाऊ द्यायचं, ढीग ओलसर ठेवायचा, महिना दीड महिना. ढीग उकरला का तुकड्यांवर पांढरी जाळी धरलेली दिसती, बुरशीची, तुकडा मोडला तर मोडलेल्या जागीपण पांढरं गेलेलं दिसतंय. ढिगाचा वासबी मारत नाही, तो अमोनिया कोळशातच अडकतोय वाटतं. मग ते हळदीच्या गादीवाफ्यात बेणं लावताना सरीत. हळद काढताना गड्ड्याच्या खाली तुकडे सापडतात, पांढऱ्या मुळ्या त्याला अशा चिकटलेल्या का झटकलं तरी निघत नाहीत. उत्पादन वाढलं का म्हणाल तर मी वेगळं वजन केलेलं नाही, गादीवाफा, ठिबक, शेणखत सगळं एकदमच सुधारलं, कशानं काय झालं कोण सांगणार. पण त्या वाफ्यातली माती हातात घेतली की फरक कळतो एवढं खरं.

ट्रॅक्टर_सेलू:

मला एक सांगा, हे सगळं करायचं कशाला? पराटी कुट्टी करायचं श्रेडर आता तालुक्याला भाड्यानं मिळतंय, उभ्या पराटीवर फिरवा, रोटाव्हेटर मारा, झालं. जिवाणूला खायला पायजे म्हणताय ना वरचे सर, मग कुट्टी म्हणजे खायलाच की. कोळसा करताना निम्मा कर्ब तर तुम्ही धुरात घालवता.

अन् हिशोब करा. एकराला वाळलेली पराटी निघती समजा एक टन. खड्ड्यातून कोळसा मिळणार अडीच क्विंटल, लई झालं तर तीन. एकराची वरची सहा इंच माती किती भरती माहितीय का, चार हजार चौरस मीटर गुणिले पंधरा सेंटीमीटर, सहाशे घनमीटर, म्हणजे पावणेआठशे-आठशे टन. त्यात अडीच क्विंटल कोळसा म्हणजे किलोभर मातीला अर्धा ग्रॅम पण येत नाही. एवढ्यात कोणते जिवाणू वाढणार? विद्यापीठवाले प्रयोग करतात हेक्टरी दहा टनाचे. एवढा कोळसा आणायचा कुठून, अख्ख्या गावाची पराटी जाळून?

जालिंदर_नाही_मी:

सेलूवाल्यांचं श्रेडर स्वतःचं आहे वाटतं 😄

ट्रॅक्टर_सेलू:

असू द्या ना. हिशोब चुकला का ते सांगा.

मातीवाला_परभणी:

हिशोब बरोबर आहे अन् सगळ्या एकरभर फेकायचा असेल तर तुम्ही म्हणता तेच खरं, कुट्टी बरी. काळ्या भारी रानात तर मी कुट्टीच सांगेन. त्या मातीत चिकण आधीच एवढी असते की पाणी धरायला, अन्नद्रव्य धरायला अन् जिवाणूला लपायला बारीक जागा काही कमी नसतात, कोळशानं त्यात विशेष भर पडत नाही. फक्त कुट्टीत कर्ब जास्त अन् नत्र कमी असतं, कुजताना जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून त्याच्यावर थोडा युरिया अन् कुजवणारं कल्चर मारायचं अन् ओल असताना गाडायचं. उन्हाळ्यात कोरड्या रानात गाडलेली कुट्टी जूनला तशीच वर येते, हे तुम्ही पण बघितलं असेल. अन् अळी असलेली कवडी (किडकी, नीट न उमललेली) बोंडं पराटीला राहिली असतील तर बारीक तुकडे होतात का नाही ते बघा, नाहीतर बोंडअळीचं बियाणं आपणच रानात पेरल्यासारखं.

पण दादा सगळ्या रानात फेकायला सांगतच नाहीयेत, त्यांचा प्रश्न बरडाचा अन् मोसंबीचा आहे. मुरमाड जमिनीत बारीक छिद्रंच कमी, पाणी पडलं की खाली. तिथं कोळशाला काम आहे. दोन फुटी खड्डा धरला तर त्यात साधारण पावणेतीनशे किलो माती. त्याला पाच किलो कोळसा म्हणजे दोन टक्क्याच्या जवळ. अडीच क्विंटलमध्ये पन्नास खड्डे होतात. तीन फुटी खड्डा घेणार असाल तर पूर्ण खड्ड्यात न मिसळता रोपाच्या मुळाशेजारच्या मातीत मिसळा. सहा बाय सहा मीटरवर एकरी एकशे अकरा झाडं बसतात, म्हणजे दोन एकराच्या पराटीत एका एकराचं भागतं. तेच अडीच क्विंटल एकरभर उधळलं तर शून्य.

कोरडवाहू_घनसावंगी:

हे खड्ड्याचं डोक्यात बसलं बघा. म्हणजे काळीची पराटी कुट्टी करायची अन् बरडाची जाळायची, का उलटं? म्हणजे पराटी कुठलीही चालंल ना. अन् अजून एक, त्या मीटिंगवाल्यानं सांगितलं की रायझोबियम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू), पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) कोळशावर शिंपडून टाकलं तर दहापट वाढतं. तूर, सोयाबीनला हे करून बघावं का? आमच्याकडं काहीजण करू राहिले.

बचतगट_औसा:

दादा, आमचा बायकांचा गट आहे, परसबागेसाठी अन् रोपवाटिकेसाठी कोळसा करतो, आम्ही ड्रममध्ये करतो. हैदराबादच्या क्रिडा (CRIDA) म्हणजे कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनं २०० लिटरच्या तेलाच्या ड्रमची भट्टी काढलेली आहे, बुडाला हवेची भोकं असतात अन् वरून झाकण, तसलीच. खड्ड्यापेक्षा माल कमी निघतो पण वारा असला तरी जमतं अन् बायकांना उचलायला सोपं.

तुम्ही कोणतंही कल्चर टाकायच्या आधी कोळसा चांगला झालाय का ते बघा, सगळ्यांत जास्त घोळ तिथंच होतो. आमची पद्धत सांगते. तुकडा हातात चोळायचा अन् नुसत्या पाण्यानं हात धुवायचा, साबण न लावता हात स्वच्छ निघाला तर ठीक, तेलकट मेणचट राहिला तर त्यात डांबर राहिलंय. वास घ्यायचा, धुराचा, डांबराचा वास आला तर तो माल बाजूला. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखण वाजतात, कच्चा असला तर बद्द वाजतो. अन् खात्री करायची असेल तर दोन वाट्या घ्या, एकीत नुसती माती, दुसरीत माती अन् थोडा कोळसा, दोन्हीत मूठभर मूग टाका. कोळशाच्या वाटीत मूग कमी उगवले नाहीतर मुळी तपकिरी पडली तर समजायचं कच्चा आहे. मुळीला सोसत नाही ते जिवाणूला काय सोसणार. डांबर त्या भोकांतच बसलेलं असतं ना.

आमच्या गटातल्या एका काकूंनी कोरा कोळसा तसाच मेथीच्या वाफ्यात टाकला होता, शेणखत न मिसळता. मेथी महिनाभर पिवळीच राहिली, शेजारचा वाफा हिरवागार. कोळसा आधी स्वतःचं पोट भरतो, नत्र ओढून धरतो. पुढच्या पिकाला त्याच वाफ्यात काही त्रास झाला नाही.

कल्चर टाकायचं तर विझवलेला, गार झालेला, ओलसर कोळसा घ्या. वाळक्या कोळशावर द्रवरूप जिवाणू ओतलं तर तो ब्लॉटिंग पेपरसारखं पाणी शोषतो अन् जिवाणू वर वाळून मरतात. आम्ही आधी गूळपाण्यात नाहीतर जीवामृतात रात्रभर भिजवतो, मग सावलीत पसरून त्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी), पीएसबी मिसळतो अन् गोणपाट झाकून आठवडाभर ठेवतो. उन्हात ठेवायचं नाही.

मातीवाला_परभणी:

ताईंनी लाखातलं सांगितलं. मूगवाली टेस्ट मी पण पोरांना सांगतो.

दादा, रायझोबियमबद्दल. कोळशावर जिवाणू बसवून विकायची कल्पना काही हवेतली नाही, बियाण्याला लावायच्या पाकिटात लिग्नाइटची काळी पावडर असते ना, तीही जिवाणूला बसायला जागाच आहे. पण दहापट वगैरे ऐकून नाचू नका. कोलंबियात घेवड्यावर कुंडीतला प्रयोग झाला, २००७ मध्ये छापून आला, बायोचार दिल्यावर हवेतून धरलेलं नत्र खरंच वाढलं. किलोभर मातीला ६० ग्रॅमपर्यंत वाढत गेलं अन् ९० ग्रॅम दिल्यावर झाडाची वाढच कमी झाली, त्यामुळं एकूण नत्र परत खाली आलं. सेलूवाल्यांच्या हिशोबानं ६० ग्रॅम म्हणजे एकरी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टन. अन् कारण काय निघालं तर मुख्यतः बोरॉन अन् मॉलिब्डेनम जास्त मिळालं म्हणून, जिवाणूला घर मिळालं म्हणून नाही. म्हणजे परिणाम खरा असला तरी कारण तेच असेल असं नसतं. तुरीला, सोयाबीनला बियाण्याला रायझोबियम चोळा, दहा किलोला अडीचशे ग्रॅमचं पाकीट, सावलीत वाळवा अन् ओलीवर पेरा. एवढं नीट केलं तरी पुष्कळ झालं, त्याला कोळशाची गरज नाही.

अजून एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. कोळसा औषधं पण ओढतो. पेरणीनंतर उगवणीआधी मारायचं तणनाशक मातीतच काम करतं, अन् सोयाबीनच्या रानात ताजा कोळसा जास्त असेल तर त्यातलं बरंचसं कोळसा धरून ठेवतो अन् तण हसत हसत वर येतं. मोसंबीच्या खड्ड्यात हा प्रश्न येत नाही, तिथं तसंही रोपाशेजारी तणनाशक मारू नये.

ट्रॅक्टर_सेलू:

ठीक आहे खड्ड्याचं पटलं. पण जिवाणू वाढले का नाही हे कळणार कसं? मृदा पत्रिकेत तर जिवाणूचा रकानाच नसतो.

मातीवाला_परभणी:

नसतोच. पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्मद्रव्यं, पीएच, क्षारता अन् कर्ब असे बारा रकाने. अन् त्यातला कर्बाचा आकडाही इथं फसवतो. ती तपासणी आम्लाची आहे, त्यात शेणखताचा कर्ब बऱ्यापैकी मोजला जातो पण कोळशाचा सगळा धरला जात नाही, कारण तो त्या आम्लालाही दाद देत नाही. त्यामुळं ०.३८ चं लगेच ०.६ होईल असली आशा नको, अन् झालंच तरी त्याचा अर्थ जिवाणू वाढले असा होत नाही.

घरगुती उपाय एकच, अन् तो हसण्यावारी नेऊ नका. जुन्या शंभर टक्के सुती बनियनचे सारख्या आकाराचे तुकडे करा. काही तुकडे कोळसा-शेणखताच्या खड्ड्यात, काही नुसत्या शेणखताच्या, काही काहीच न टाकलेल्या मातीत, सगळे सारख्याच खोलीवर, वीतभर. खुणेला नायलॉनची दोरी बांधून वर ठेवा, सुती दोरी बांधली तर तीच आधी खाऊन टाकतील. पाऊस लागल्यापासून दोन महिन्यांनी काढा. कापूस म्हणजे निव्वळ सेल्युलोज, जिथं खाणारे जास्त तिथं नुसती शिवण अन् लेबल हातात येतं, जिथं कमी तिथं बनियन परत घालता येईल असं निघतं. मधला नुसत्या शेणखताचा खड्डा विसरू नका. तो नसला तर जे काही चांगलं होईल त्याचं श्रेय कोळसा घेऊन जाईल अन् काम शेणखतानं केलेलं असेल. जाहिरातीतले बहुतेक फोटो असेच असतात, एकीकडं कोळसा अधिक कंपोस्ट, दुसरीकडं उघडी माती.

हळदवाला_वसमत:

बनियनचं लई भारी सर 😂 आमचा आबा विचारंल बनियन कुठं गेली तर काय सांगू. पण करतो, हळदीच्या वाफ्यात सोपंय.

दादा तुम्हाला वर विचारलेलं राहिलं, पराटी कुठलीबी चालती. पण सोयाबीनचं भुसकट यात घालू नका, ते जनावराला अन् कंपोस्टला ठेवा, खड्ड्यात ते उडून राखच होतंय.

कोरडवाहू_घनसावंगी:

सगळ्यांचे आभार. मग असं ठरवतो, काळीतल्या पराटीवर सेलूवाल्यांसारखं श्रेडर फिरवतो (तुमचा भाव किती ते मेसेजमध्ये सांगा), बरडातल्या पराटीचा खड्ड्यात कोळसा करतो अन् शेणखतात मुरवून अर्ध्या मोसंबीला देतो, उरलेल्या अर्ध्याला नुसतं शेणखत. गोणी काही विकत घेत नाही. आता खड्डा खांदायला बसलो तर बरडात हातभर खाली मुरूमच लागतो, पाऊण मीटर जाईन का नाही सांगता येत नाही.

हळदवाला_वसमत:

मग खांदू नका, घरी जुना पत्रा असंल तर वाकवून कढईसारखा करा नाहीतर काळीच्या कडंला खड्डा घ्या अन् पराटी तिकडं ओढून न्या. पाण्याचे ड्रम आधी भरून जवळ ठेवायचे, पेटवल्यावर पाणी आणायला पळायचं नाही. सकाळी लवकर सुरू करा, नऊ-दहाला वारा सुटतो, अन् शेजारच्याचा गहू उभा असला तर त्याला आधी सांगून ठेवा.